कोरोनाचे पैसे: कुठल्या खिशातले?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका गावातून ती बाई आली तेव्हा २०२१ ची दिवाळी तोंडावर होती. हातात साड्यांच्या दुकानाची पिशवी आणि पिशवीत कागदांचा गठ्ठा. तिची जाऊ आशा कार्यकर्ती. मे महिन्यात कोरोनानं गेली. दीर गोव्यात कामाला, म्हणून सगळी धावपळ हिच्या गळ्यात. मी निवृत्त माणूस. मराठीबरोबर कन्नड लिहिता-वाचता येतं, तेवढ्या भांडवलावर गल्लीतल्या लोकांचे अर्ज लिहून देतो.

“मी तीनदा गेलो कचेरीत,” ती म्हणाली. (आमच्याकडच्या बायका ‘गेलो’च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) “दर खेपेला तेच. कुठले पैसे पाहिजेत ते सांगा म्हणतात. मला काय ठाऊक कुठले? कोरोनाचे!”

कारकुनाची विचारायची रीत वाईट असेल, प्रश्न मात्र बरोबर होता. ‘कोरोनाचे पैसे’ नावाची एकच रक्कम कधी नव्हतीच. चार-पाच वेगवेगळे खिसे होते. प्रत्येकाचं टेबल वेगळं, अट वेगळी, रक्कम वेगळी. एका खिशासाठीचा अर्ज दुसऱ्या टेबलावर गेला की तो फेटाळलासुद्धा जात नाही, नुसता पडून राहतो. फेटाळला तर निदान अपील तरी करता येतं.

त्यात घोळ असा की दोन मोठ्या रकमा कानाला सारख्याच लागतात. एक पन्नास हजाराची, दुसरी पन्नास लाखांची. गावात बातमी पसरते ती “अमकीच्या घरी पन्नास आले” एवढीच. त्यावरून भावकीत भांडणं लागलेली मी पाहिली आहेत.

पन्नास हजार

हे सगळ्यांसाठी होते. कोरोनानं गेलेला माणूस डॉक्टर असो, हमाल असो की घरात बसलेली आजी असो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात कलम १२ आहे. आपत्तीत माणूस गेला तर घरच्यांना काय मदत द्यायची याचे किमान निकष राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं सुचवायचे, असं ते सांगतं. कोरोना ही कायद्यानं जाहीर झालेली आपत्ती होती, पण निकष आले नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. प्रत्येक मृत्यूमागे चार लाख द्यावेत अशी मागणी होती. एवढा पैसा परवडणार नाही, असं केंद्राचं म्हणणं. ३० जून २०२१ ला न्यायालयानं निकाल दिला: आकडा आम्ही ठरवणार नाही, पण कलमात ‘करावं लागेल’ असं म्हटलंय, तेव्हा काहीच ठरवायचं नाही हे चालणार नाही. सप्टेंबरात प्राधिकरणानं ५० हजार सुचवले, राज्यांच्या आपत्ती निधीतून. ४ ऑक्टोबरला न्यायालयानं त्याला मान्यता दिली.

कागदावर याला ‘सानुग्रह’ म्हणतात. अनुग्रह म्हणजे कृपा. कायद्यानं बंधनकारक झालेल्या पैशाला कृपेचं नाव का, हे मला आजवर कळलेलं नाही.

कर्नाटकानं यात आपली भर घातली. बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला राज्याकडून एक लाख, वर हे पन्नास हजार, मिळून दीड लाख. कार्ड नसेल तर फक्त पन्नास हजार. अर्ज महसूल खात्याकडे, म्हणजे नाडकचेरी किंवा तहसीलदार कचेरीत.

न्यायालयानं दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या होत्या आणि आमच्याकडे दोन्हींवरून लोकांना परत पाठवलं गेलं. पहिली, मृत्यूच्या दाखल्यावर कोरोना लिहिलेलं नाही एवढ्याच कारणावरून मदत नाकारायची नाही. दुसरी, ही रक्कम इतर योजनांच्या पैशांव्यतिरिक्त आहे. म्हणजे विम्याचे पन्नास लाख मिळाले तरी हे पन्नास हजार बुडत नाहीत, आणि हे घेतले म्हणून विम्याचा हक्कही जात नाही. माझ्यासमोर बसलेल्या बाईला कुणीतरी सांगितलं होतं, “एकच मिळतं, विचार करून घ्या.” चूक.

पन्नास लाख

ही रक्कम मात्र मरणासाठी नाही, कामासाठी आहे. हा विमा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि त्याच आठवड्यात केंद्रानं प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. त्यातच आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचं विमा संरक्षण होतं. ३० मार्च २०२० पासून ते लागू झालं. कंपनी न्यू इंडिया ॲश्युरन्स, हप्ता सरकारचा, संरक्षण २२ लाख १२ हजार आरोग्य कर्मचाऱ्यांना. सुरुवातीला नव्वद दिवसांसाठी होतं, मग मुदत वाढत गेली. १९ एप्रिल २०२२ पासून आणखी १८० दिवस मिळाले. त्या वेळेपर्यंत देशभरात १,९०५ दावे निकाली निघाले होते. बावीस लाख आणि एकोणीसशे, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. सगळे आजारी पडून गेले नाहीत, देवाची कृपा. पण गेलेल्यांपैकी कितीजणांचे कागद टेबलापर्यंत पोचलेच नाहीत, हा विचार मनातून जात नाही.

यात कोण येतं? सरकारी डॉक्टर, नर्स हे तर उघडच. पण आशा कार्यकर्त्याही येतात. राज्यानं किंवा केंद्राच्या रुग्णालयानं कोरोनाच्या कामासाठी घेतलेले कंत्राटी, रोजंदारी, आउटसोर्स केलेले कामगार येतात, निवृत्तीनंतर परत बोलावलेले येतात, या कामासाठी घेतलेले खासगी रुग्णालयातले कर्मचारीही येतात. म्हणजे वॉर्ड पुसणारा माणूस ठेकेदाराकडे नावाला असला तरी दार बंद नाही. कोरोनाच्या कामावर असताना अपघातानं मृत्यू झाला तरी हा विमा लागू होतो. तिथे कोरोनाचा रिपोर्ट लागत नाही, एफआयआर आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो.

कोण येत नाही? पोलीस, शिक्षक, बसचे ड्रायव्हर-कंडक्टर, पंचायतीचे कर्मचारी, रेशन दुकानदार. हा विमा आरोग्याच्या कामाचा. बाकीच्यांसाठी त्या त्या खात्याचे, त्या त्या राज्याचे वेगळे आदेश. नुसतं ‘कोरोना वॉरियर’ म्हणून सत्कार झालेला असणं, शाल-श्रीफळाचा फोटो असणं, याला या टेबलावर किंमत नाही.

ड्युटीचा पुरावा

सगळं प्रकरण अडतं ते इथे. दाव्याच्या कागदांत एक दाखला लागतो: ही व्यक्ती कोरोनाच्या कामावर नेमलेली होती आणि रुग्णांशी थेट संपर्क आलेला असू शकतो. आशा कार्यकर्ती असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं तो द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कुणाला लेखी आदेश मिळत होते? फोन यायचा, “उद्या सकाळी अमक्या गल्लीत सर्व्हे.” की निघाली बाई पल्स ऑक्सिमीटर घेऊन. काम सांगताना तोंडी, पुरावा मागताना लेखी.

त्या पिशवीत आदेश नव्हताच. पण तळाशी एक लांबुडकं रजिस्टर होतं. वर छापील कन्नड रकाने: घर क्रमांक, ताप, खोकला, ऑक्सिजन. खाली त्या आशा कार्यकर्तीच्या हातची मराठी नावं. शाळा मराठी, नोकरी कन्नड, त्यामुळे रकाने एका लिपीत आणि माणसं दुसऱ्या. रोजची दहा-बारा घरं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका पानावर चार घरं लिहिली आहेत आणि पुढची पानं कोरी. पाचव्या घरापर्यंत ती का गेली नाही, हे माझ्यासमोरच्या बाईनं सांगितलं: “अंगात कणकण आहे म्हणून परत आली. परत काय गेलीच नाही.”

ड्युटीचा याहून चांगला पुरावा कुठल्या शिक्क्यात असणार? वैद्यकीय अधिकाऱ्याला दाखला द्यायचा असेल तर तो कशाच्या आधारावर देणार? याच. रजिस्टर, व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज, मानधनाच्या बिलावर कोरोना सर्व्हेची नोंद, लसीकरणाच्या दिवशीची हजेरी. फोन बदलला असेल तर जुना फोन टाकू नका. ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणाकडून तरी मेसेज मिळवा.

आदेशाचा कागद नसेल तर काय, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल ११ डिसेंबर २०२५ ला आला आहे आणि तो इथे फार कामाचा आहे. नवी मुंबईतल्या एका खासगी डॉक्टरांनी २०२० मध्ये महापालिकेची नोटीस आल्यावर दवाखाना चालू ठेवला आणि जूनमध्ये कोरोनानं ते गेले. पत्नीचा दावा फेटाळला गेला, कारण त्यांना नाव घेऊन कुणी कामावर बोलावलेलं नव्हतं. उच्च न्यायालयानंही तेच म्हटलं. सर्वोच्च न्यायालयानं मात्र त्या काळातली परिस्थिती, साथरोग कायदा आणि त्याखालचे आदेश एकत्र वाचले. प्रत्येक डॉक्टरला वेगळं पत्र देण्याइतकी उसंत तेव्हा कुणाला होती? कायदे आणि नियम लावले गेले तेव्हाच डॉक्टरांना कामाला जुंपल्यासारखं होतं, असं न्यायालय म्हणालं. पण निकालाचा दुसरा भागही वाचायला हवा: माणूस कोरोनाशी संबंधित काम करतानाच गेला, हे विश्वासार्ह पुराव्यानं दाखवण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावरच राहते. म्हणजे पत्र नसलं तरी चालेल, रजिस्टर पाहिजे.

शिक्षकांची गोष्ट याहून अवघड. बेळगावचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी २३ सप्टेंबर २०२० ला कोरोनानंच गेले. त्यांच्या जागेवर १७ एप्रिल २०२१ ला, म्हणजे दुसरी लाट चढत असताना, पोटनिवडणूक झाली. मतदान केंद्रांवर शिक्षक, तलाठी, कारकून होतेच. निवडणुकीच्या कामावर असताना मृत्यू झाला तर निवडणूक आयोगाच्या नियमांनुसार भरपाई मिळते. प्रशिक्षणासाठी घरातून पाऊल बाहेर पडल्यापासून परत घरी पोचेपर्यंतचा काळ ‘ड्युटी’ धरला जातो. अपघाताला ही व्याख्या चपखल बसते. कोरोनाला कशी बसणार? लागण मतदानाच्या दिवशी, ताप चार दिवसांनी, मरण पंधरा-वीस दिवसांनी घरच्या खाटेवर किंवा वॉर्डात. उत्तर प्रदेशात त्याच महिन्यात पंचायत निवडणुका झाल्या आणि हाच पेच उघडा पडला. शिक्षक संघटना म्हणाली १,६२१ गेले, शिक्षण खातं म्हणालं ड्युटीवर फक्त तीन. दोघं एकाच राज्याबद्दल बोलत होते. फरक सगळा व्याख्येत. पुढे त्या सरकारला ड्युटीनंतरचे तीस दिवस धरावे लागले.

कशानं गेली?

मृत्यूचा दाखला आणि मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत, हे बहुतेकांना माहीत नसतं. पंचायत किंवा महापालिका देते त्या दाखल्यावर नाव, तारीख, ठिकाण असतं. कारण असतं ते डॉक्टरनं भरलेल्या दुसऱ्या फॉर्मवर: रुग्णालयात मृत्यू झाला तर फॉर्म ४, घरी झाला तर ४ अ. तिथेही डॉक्टर शेवटचं कारण वर लिहितो, ‘श्वसन निकामी’, आणि कोरोना खालच्या ओळीत. वरची ओळ वाचून परत पाठवणारे भेटतात. खालची ओळ बोट ठेवून दाखवायची.

पन्नास हजारांसाठी नियम सैल होता. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून तीस दिवसांत मृत्यू झाला तर तो कोरोनाचा, मग तो रुग्णालयाबाहेर झालेला का असेना. वाद असेल तर जिल्ह्याच्या समितीकडे जायचं. पन्नास लाखांसाठी प्रयोगशाळेचा पॉझिटिव्ह रिपोर्टच हवा. आणि आठवतंय ना, मे २०२१ मध्ये काय चाललं होतं? स्वॅबचा रिपोर्ट यायला दिवसेंदिवस लागत, म्हणून लोक थेट छातीचा स्कॅन करून घेत. ‘स्कोअर अठरा’ हा शब्द घराघरांत पोचला होता. स्कॅन आहे, रिपोर्ट नाही, अशी अनेक घरं अडकली. स्वॅब दिला असेल तर एसआरएफ आयडी (स्वॅबच्या फॉर्मचा नंबर) आणि कर्नाटकातला ‘पी नंबर’ (रुग्णाचा नंबर) असतो. कागद हरवला तरी त्या नंबरावरून नोंद सापडू शकते. तो नंबर बहुतेक वेळा जुन्या मोबाइलच्या मेसेजमध्ये असतो. पुन्हा तेच, जुना फोन टाकू नका.

एक बाई, चार नावं

आता खास आपल्या भागाचं दुखणं. लग्नाआधी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. शाळेचा दाखला माहेरच्या नावानं, मराठीत. आधार सासरच्या नावानं, पण ‘लक्ष्मी’तला ‘क्ष’ इंग्रजीत एका कागदावर एक्सनं आणि दुसऱ्यावर के-एस-एचनं. रेशन कार्ड कन्नडमध्ये. कन्नड कागदांत बाईच्या नावापुढे ‘कोम’ लावून नवऱ्याचं नाव येतं, पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ लावून बापाचं. (जुन्या मराठी कागदांतही हे दोन्ही शब्द आहेत, आपण विसरलो एवढंच.) ‘कोम’ हे जणू नावाचाच भाग समजून बँकेत खात्यावर चढवल्याचंही मी पाहिलंय. भरीला गाव: १ नोव्हेंबर २०१४ च्या आधीचे कागद एका स्पेलिंगचे, नंतरचे ‘बेळगावी’चे.

मराठी वाचणाऱ्याला ही सगळी एकच बाई दिसते. विमा कंपनीच्या संगणकाला चार दिसतात. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा: आधी मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव तपासा, चुकलं असेल तर नोंद झाली तिथेच दुरुस्त करून घ्या, आणि उरलेल्या फरकांसाठी ‘ही एकच व्यक्ती’ असं नोटरीसमोरचं ॲफिडेव्हिट. वारसांसाठी तहसीलदार कचेरीतून वंशावळ काढावी लागते. त्यात नवरा किंवा बायको आणि मुलं सगळे घालतात. मुलगा गेला असेल तर त्याची आई मात्र विसरतात. हिंदू वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गातली वारस आहे, बाप नाही. सून आणि सासू यांच्यात यावरून बिनसलं की दावा वर्षभर हलत नाही, म्हणून आधीच बसून बोला आणि लागेल तिथे ना-हरकत लिहून घ्या.

कर्नाटकात अर्ज दिला की सकाल योजनेची पावती मागा. (‘सकाल’ म्हणजे कन्नडमध्ये वेळेवर, आपली सकाळ नव्हे.) २०११ च्या कायद्यानं वंशावळीसारख्या सेवांना मुदत बांधलेली आहे आणि पावतीवरच्या नंबरावरून कागद कुठे आहे ते कळतं.

दोन राज्यं

कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात किंवा मिरजेत नेलेले आपले लोक कमी नव्हते. मृत्यू जिथे होतो तिथेच त्याची नोंद होते, हा १९६९ च्या कायद्याचा नियम. म्हणून निपाणीचा माणूस कोल्हापुरात गेला तर दाखला महाराष्ट्राचा. त्यानं घाबरायचं कारण नाही, तो दाखला देशभर चालतो.

पण दाखला महाराष्ट्राचा म्हणून भरपाईही महाराष्ट्राची, असं होत नाही. महाराष्ट्रानं २९ मे २०२० च्या शासन निर्णयानं आरोग्य खात्याबाहेरच्या, कोरोनाच्या कामावरच्या कर्मचाऱ्यांसाठीही ५० लाखांचं सानुग्रह साहाय्य ठेवलं होतं. ते त्या सरकारच्या कर्मचाऱ्यांना. येळ्ळूरचा माणूस चंदगडच्या सरकारी नोकरीत असेल तर तो त्यात बसतो. बेळगावच्या पंचायतीतला मराठी कर्मचारी बसत नाही. कामावर कुणी ठेवलं होतं ते बघतात, घरी कुठली भाषा बोलता ते नाही. सीमाभागासाठी महाराष्ट्राच्या काही योजना आहेत, म्हणून लोक गल्लत करतात आणि कुणीतरी एजंट ‘मुंबईहून मंजूर करून आणतो’ म्हणत पैसे उकळतो.

पगारातून कापलेलं

उद्यमबाग, मच्छेच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी थोडक्यात. पीएफ कापला जात असेल तर ईडीएलआय नावाचा विमा आपोआप असतो, कमाल सात लाख, किमान अडीच लाख. अटी पूर्ण असतील तर मृत्यूचं कारण कुणी विचारत नाही. ईएसआय (कामगार राज्य विमा) असेल तर त्यांची कोरोना मदत योजना २४ मार्च २०२० पासून दोन वर्षांसाठी होती. त्यात सरासरी रोजगाराच्या ९० टक्के रक्कम अवलंबितांना दरमहा मिळते. बँक पासबुकावर २०२१ पर्यंत दरवर्षी मे-जूनच्या सुमाराला ३३० रुपये वजा झालेले दिसले तर ती जीवनज्योती विमा योजना, दोन लाखांची, कोरोनालाही लागू. त्याच काळात १२ रुपये वजा झाले असतील तर ती अपघाताची, तिचा इथे उपयोग नाही.

आणि मुदती? पन्नास हजारांच्या जुन्या मृत्यूंसाठी न्यायालयानं २४ मार्च २०२२ पासून साठ दिवस दिले होते. पण ज्यांना खरोखर अडचणीमुळे जमलं नाही त्यांनी तक्रार निवारण समितीकडे जावं, हेही त्याच आदेशात आहे. पन्नास लाखांचा दावा जुन्या कारणावरून फेटाळला गेला असेल तर डिसेंबर २०२५ चा निकाल घेऊन वकिलाकडे जाण्यात अर्थ आहे, मात्र आधी नकाराचं पत्र लेखी मिळवा.

त्या दिवशी मी तिचे सगळे कागद तीन गठ्ठ्यांत लावले: तहसीलदार, आरोग्य केंद्र, बँक. रजिस्टरच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स काढली आणि मूळ रजिस्टर तिच्या पुढ्यात ठेवलं. मूळ कागद कुणाला द्यायचा नाही, मलासुद्धा नाही, असं सांगितलं. ती ते परत पिशवीत घालेना.

“तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे हो काका,” म्हणाली. “आमच्या घरात उंदरं हाईत.”

शेवटी पत्र्याचा डबा शोधून दिला.